खानेसुमारी आणि शिरगणती

लोकांची मोजदाद करण्याच्या व्यवहाराला मराठीत दोन जुने शब्द आहेत. खानेसुमारी हा शब्द फारसीच्या वाटेने दप्तरात आला. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे गणना, तेव्हा त्याचा अक्षरार्थ घरांची मोजणी असा होतो. शिरगणती मात्र डोकी मोजते. व्यवहारात हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरीत आलो आणि त्यामुळे फारसे काही बिघडलेही नाही. परंतु ज्याला समाजाविषयी एखादे विधान प्रत्यक्ष पाहणीच्या आधारावर करावयाचे आहे, त्याने आपण घरे मोजणार आहोत की डोकी, हे घराबाहेर पडण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. समाजशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याच्या हाती आज प्रथम संख्याशास्त्राची सूत्रे दिली जातात. माझ्या मते त्याला प्रथम एखाद्या वाड्याच्या दाराशी, हाती कोरा तक्ता देऊन, उभे करावे.

तेथे तो विचारील, "आजी, तुमच्या घरात माणसं किती?" आणि आजी म्हणतील, "किती म्हणून सांगू रे बाळा? थोरला मुंबईला असतो, पण पैसे इकडे पाठवतो. मधली बाळंतपणाला आलीय. धाकटा इथंच राहतो, पण सून आल्यापासून चूल वेगळी मांडलीय." या एका उत्तरात पाच-सहा ग्रंथांचा ऐवज आहे. थोरल्याला या घरात धरावे, मुंबईतल्या खोलीत धरावे, की दोन्हीकडे धरून एक मनुष्य दोनदा मोजावा? मधलीचे काय? आपल्या जनगणनेने १८८१ पासून १९३१ पर्यंत त्यावर एक सरळ तोडगा काढला होता: एक रात्र नेमावयाची आणि त्या रात्री जो जेथे असेल तेथे त्याला मोजावयाचे. १९४१ पासून ही एकरात्रीची पद्धत सोडून देण्यात आली. आणि धाकट्यापुरता जो निकाल सरकारी पाहण्यांनी स्वीकारला तो असा, की जी माणसे एका चुलीवरचे अन्न खातात त्यांचे एक कुटुंब. म्हणजे रक्ताचे नाते, मालकीहक्क, छप्पर या सर्वांना बाजूस सारून चुलीला प्रमाण मानले गेले. हा निर्णय शहाणपणाचा आहे. पण तो निर्णय आहे, निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे, एवढे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. या चुलीकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

आपल्याकडे अशा पाहणीचा जो आद्य आणि अद्यापही वाचनीय नमुना, तो पुण्यापासून काही मैलांवर, पवनेच्या काठी घडला. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळ्यांच्या शास्त्रीय कामावरून ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. परंतु तत्पूर्वीच त्यांनी इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातल्या एका खेड्याची पाहणी केली होती. सीबोम राउन्ट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्य मोजण्यासाठी जी रीत बसविली, म्हणजे शरीर धड राहण्यास किमान किती खर्च लागतो याचा हिशेब मांडून त्याखाली किती कुटुंबे पडतात ते पाहावयाचे, तीच रीत त्यांनी तेथे ग्रामीण जीवनास लावून पाहिली. या शिदोरीवर त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि १९१७ साली त्यावरील प्रबंध प्रसिद्ध केला. आज त्या गावाच्या जागी पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथे राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा तुकडान् तुकडा एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मोजून ठेवला आहे.

मॅन यांनी जुने दप्तर आणि प्रत्यक्ष शेत यांची रुजवात घातली. दप्तरावरून असे निघाले, की १७७१ मध्ये त्या गावातील सरासरी धारण ४० एकरांची होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर. हा आकडा पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत उतरला आणि उतरताना त्याच्या पाठीमागचा तपशील गळून गेला. वास्तविक तपशीलच अधिक बोलका आहे. गावात खातेदार १५६, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. ७ एकर ऐकले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक सलग शेत उभे राहते, जे त्या गावात बहुतेकांपाशी नव्हतेच. सरासरी खोटे बोलत नाही. मात्र ती विचारल्यापलीकडे काही सांगत नाही, आणि आपण तिला विचारतोही फार थोडे.

पण मॅन यांचे खरे धाडस पुढच्या पायरीवर दिसते. त्यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला आणि प्रश्न केला, की या कुटुंबांनी स्वतःच जे राहणीमान आपले म्हणून धरले आहे, ते त्यांना आपल्या मिळकतीतून पेलते काय? ६७ कुटुंबांना ते पेलत नव्हते. येथे थांबून विचार करावा. राउन्ट्री यांची रेषा बाहेरून, शास्त्राने, ओढलेली. मॅन यांनी ती गावकऱ्यांच्याच राहणीवरून ओढली. पहिली काटेकोर पण परकी, दुसरी आपली पण निसरडी, कारण जो गरिबीला सरावला त्याची अपेक्षाच आखडलेली असते, आणि अशा मनुष्यास ही कसोटी सुस्थितीत धरील. दारिद्र्यासारखी कल्पना मोजण्याजोगी करताना तिचा काही अंश हातून निसटतो. कोणता निसटला हे उघडपणे नोंदवून पुढे जाणे एवढेच संशोधकाच्या हाती असते, आणि मॅन यांनी ते केले.

तरीही आक्षेप उरतोच: एका गावावरून दख्खनविषयी काय म्हणावे? पिंपळे सौदागर पुण्याच्या आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या सावलीत वसलेले. तेथील माणूस मजुरीला बाहेर जाऊ शकत होता. हा आक्षेप मॅन यांना स्वतःलाच सुचला, आणि म्हणून त्यांनी कानिटकर या सहकाऱ्यासह शहरापासून दूरचे, कोरडवाहू असे जातेगाव बुद्रुक निवडून त्याचा वृत्तांत १९२१ मध्ये दिला. तेथील स्थिती अधिकच बिकट आढळली. मात्र ती शहर दूर होते म्हणून, की पाऊस कमी होता म्हणून? दोन गावे दोन बाबतींत भिन्न असली, तर फरकाचे श्रेय त्या दोहोंपैकी कोणत्या बाबीला द्यावे हे त्या दोन गावांवरून ठरत नाही. कार्यकारणभावाविषयी पुढे जे जे विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिले गेले, त्यांतील पुष्कळशा भागाचे बीज या साध्या अडचणीत आहे, आणि ती अडचण कोणत्याही यंत्राने दूर झालेली नाही. तिसरे, चौथे, दहावे गाव पाहावे लागते, आणि ते विचारपूर्वक निवडावे लागते.

दप्तरावर किती विश्वास ठेवावा, याचा धडा मुंबई इलाख्याला १९२८ साली बारडोलीने दिला. सुरत जिल्ह्यातील त्या तालुक्याच्या जमाबंदीची फेरतपासणी होऊन सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या दृष्टीने सत्याग्रहानंतरचा अध्याय अधिक उपयोगाचा. वाढीचा मुख्य आधार होता खंडाचे आकडे: कोणती जमीन कोणी कितीने खंडाने दिली याच्या नोंदी. तडजोडीअन्वये जी चौकशी नेमली गेली तिच्यावर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अंमलदार होते. यांतील ब्रूमफील्ड हे तेच न्यायाधीश, ज्यांनी १९२२ मध्ये गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. म्हणजे चौकशीकारांना शेतकऱ्यांचे पक्षपाती म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. ते गावोगाव फिरले, चावडीत बसले आणि एकेका नोंदीचा खातेदार समोर बोलावून त्याला विचारते झाले. तेव्हा उघड झाले की दप्तरात खंड म्हणून चढलेल्या रकमांत कितीतरी ठिकाणी गहाणाच्या कर्जावरचे व्याजच खंडाच्या नावाने लपले होते. आकडा खरा, बेरीज बिनचूक, आणि तरी तो ज्या वस्तूचा म्हणून वापरला गेला त्या वस्तूचा नव्हताच. अखेर त्यांनी सुमारे सहा टक्क्यांहून अधिक वाढ समर्थनीय नाही असा निर्णय दिला. २२ आणि ६ यांमधील अंतर गणितातल्या चुकीने पडले नव्हते. एका बाजूस कचेरीत बसून वाचलेला तक्ता होता, दुसऱ्या बाजूस दारात उभे राहून केलेली खातरजमा.

आता वेचणीकडे, अर्थात नमुना-निवडीकडे येऊ. शितावरून भाताची परीक्षा हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरांना नमुनाशास्त्राच्या जन्मापूर्वीपासून अवगत आहे. मात्र ते भातापुरते चालते याचे कारण एका पातेल्यातला भात सर्वत्र सारख्याच आचेवर शिजलेला असतो. समाज तसा शिजलेला नसतो. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या बळावर लँडन निवडून येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे दूरध्वनीच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतलेली, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्यांची. त्यातही ज्यांना उत्तर धाडण्याची उमेद होती तेच बोलले. वीस लाख शिते तपासली, पण ती पातेल्याच्या एकाच काठाची.

यावरचा उपाय आपल्या शेतांत अधिक सुबोधपणे पाहावयास मिळतो. पिकाचा अंदाज करण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी: भरघोस पिकाला सोळा आणे धरून, पाटील-तलाठ्यांनी आणि वरच्या अंमलदारांनी नजरेने ठरवावयाचे की यंदाचे पीक किती आणे. आणेवारी खाली गेली तर सारा तहकूब होण्याची आशा, वर राहिली तर वसूल शाबूत. तेव्हा डोळा आणि हितसंबंध यांचा मिलाफ त्या अंदाजात असणारच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संख्याशास्त्रज्ञांनी तिच्या जागी पीककापणीचे प्रयोग आणले: गावे, शेते आणि शेतांतील जागा यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून निवडावयाच्या, म्हणजे निवडीतून माणसाची मर्जी काढून टाकावयाची, आणि तेवढ्या तुकड्यातले पीक कापून, मळून, वजन करावयाचे. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे महालनोबीस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्नाचा अंदाज वाढून येतो, कारण चौकटीच्या अगदी कडेवर जे रोप येते ते आत धरावे की बाहेर, असा संशय पडताच कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. मला हे उदाहरण संशोधनपद्धतीच्या साऱ्या अध्यापनात सर्वांत सुंदर वाटते. येथे कोणी लबाडी केलेली नाही. केवळ कडेवरच्या रोपाविषयी माणसाच्या हाताला वाटणारा जो कळवळा, तो हजारो तुकड्यांत एकाच दिशेने साठत गेला. दोन्ही बाजूंना होणाऱ्या चुका नमुना वाढविला की एकमेकींना खाऊन टाकतात. एकाच बाजूची चूक नमुना वाढवून जात नाही, ती अधिक आत्मविश्वासाने समोर उभी राहते.

प्रश्न विचारण्याची कला हे तर स्वतंत्रच प्रकरण आहे. मागील आठवड्यात किती तांदूळ लागला असे विचारावे की मागील महिन्यात? वरकरणी हा क्षुल्लक भेद. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या इतिहासात त्याने एका देशाची गरिबी हलविली आहे. आठवड्याविषयी विचारले की माणूस आठवड्यापूर्वीच्याही दोन गोष्टी त्यात ओढून घेतो. महिन्याविषयी विचारले की काही विसरतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या या पाहणीने पुष्कळ काळ महिन्याची मुदत धरली. १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत मात्र अन्नधान्याविषयी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही प्रश्न एकाच घरी, एकाच तक्त्यावर, शेजारी-शेजारी विचारले गेले. परिणाम असा झाला की एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळवून घेऊ लागली. त्या आकड्यांवरून दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे अधिकृतपणे निघाले, आणि त्यातली किती घट खरोखर गरिबी ओसरल्याची व किती प्रश्नपत्रिकेची, याचा काथ्याकूट अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे करीत राहिले.

राजकीय वर्तनाच्या अभ्यासात ही अडचण दुप्पट होते, कारण तेथे आठवणीच्या जोडीला भीड असते. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा अभ्यास घटनेच्या कलमांवरून न करता मतदाराच्या वर्तनावरून केला, आणि मराठी मुलखात या शास्त्राला एक नवी वाट मिळाली. परंतु तुम्ही कोणाला मत दिले असे चारचौघांत विचारले, तर उत्तर मिळते ते चारचौघांना शोभेल असे. शेजारी कोण बसले आहे, विचारणारा कोणत्या जातीचा दिसतो, हे सारे उत्तरात मिसळते. दिल्लीतील विकसनशील समाजांच्या अभ्यासाचे जे केंद्र रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापिले, त्याच्या पाहण्यांत यावर एक साधी युक्ती योजिली जाते: हा एक प्रश्न तोंडी न विचारता उत्तर देणाऱ्याच्या हाती नमुन्याची मतपत्रिका द्यावयाची आणि त्याने ती खूण करून, घडी घालून, सोबत आणलेल्या लहानशा पेटीत टाकावयाची. चिठ्ठी आणि पेटी यांनी जे साधते ते कित्येकदा सूत्रांनी साधत नाही.

आता मॅन यांच्या ६७ कुटुंबांचा प्रश्न अर्ध्या शतकाहून अधिक काळाने पुण्यात पुन्हा कसा उभा राहिला ते सांगतो. ध. रा. गाडगीळ यांच्या दिग्दर्शनाखाली १९३० मध्ये सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची, वाई तालुक्यातील शेतीधंद्याची अशा पाहण्यांची एक परंपराच उभी केली होती. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला. दरडोई दररोज २२५० उष्मांक ही गरज धरून, तेवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते ती पातळी त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ठरविली; तिच्याखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक आढळले. राउन्ट्री यांची रेषा अशा रीतीने यॉर्कहून पुण्यास आली. आणि तिला हरकत घेतली ती पुण्यातच, तीही पुन्हा सुखात्मे यांनी. अन्न व शेती संघटनेच्या रोम येथील कामावरून परतलेले सुखात्मे म्हणत, की २२५० ही सरासरी गरज आहे. एकाच धडधाकट माणसाचे खाणे दिवसागणिक वर-खाली होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते, तेव्हा सरासरीच्या खाली जो जो आढळला तो तो उपाशी मानणे म्हणजे सरासरी उंचीहून बुटका तो प्रत्येक मनुष्य रोगी मानण्यासारखे आहे. दांडेकरांना हे पटले नाही. आपण मोजतो ते कुपोषण नसून दारिद्र्य, आणि शरीराच्या जुळवून घेण्याच्या शक्तीचा आधार घेऊन गरिबांची संख्या खाली आणणे त्यांना अमान्य होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत हा वाद चांगलाच रंगला. दोघेही साताऱ्याकडचे, दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले, दोघांपुढे आकडे बहुतांशी तेच.

मला या वादात एका तिसऱ्याच गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. दोघांनाही जे आकडे मिळत होते, ते मूलतः चुलीचे होते. पाहणीचा कारकून घरात किती किलो ज्वारी, किती तेल, किती डाळ लागली ते लिहून घेतो आणि मग कचेरीत त्याला माणसांनी भागतात; म्हणजे मोजणी खानेसुमारीची आणि निष्कर्ष शिरगणतीचा. त्या भागाकारात म्हातारा, तान्हे मूल, मळ्यात राबणारा गडी आणि सर्वांना वाढून झाल्यावर तव्यावर उरेल ते घेऊन बसणारी बाई यांच्या ताटांत किती अंतर होते, ते तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात उतरत नाही. ते उतरवावयाचे तर पोषणशास्त्राच्या पाहण्या करतात तसे, तराजू घेऊन स्वयंपाकघरात बसावे लागते आणि एकेकाचे ताट जोखावे लागते. तसे बसणारेही आहेत. पण परका मनुष्य तराजू घेऊन दाराशी बसलेला पाहून त्या बाईने त्या दिवशी स्वतःच्या ताटात अर्धी भाकरी अधिक घेतली असेल, की लाजेने अर्धी कमी, हे त्या तराजूला कोण सांगणार?